पंचवीस एप्रिलची सूचना

माझा आवाज चांगला आहे असं लोक मला पंचवीस वर्षं सांगत आले आणि मी ते ऐकून फुगत आलो. झेंडावंदनाला माईक खिल्लारे गुरुजींकडे, जयंतीला खिल्लारे गुरुजींकडे, कुणा साहेबाच्या निरोप समारंभालाही खिल्लारे गुरुजीच. त्या आवाजाचं पुढे काय झालं ते सांगतो. पटलं नाही तर माझी तक्रार नाही. मला स्वतःलाच ते पुष्कळ दिवस पटलं नव्हतं.

सेनगावपासून अकरा किलोमीटरवर आमचा बंजाऱ्यांचा तांडा. 'आमचा' म्हणतो खरा, पण मी कळमनुरीचा; तांड्यावर फक्त नोकरी. चाळीसेक घरं, चौथीपर्यंतची शाळा, सेवालाल महाराजांचं मंदिर आणि मंदिरावर भोंगा. शाळेत दोन शिक्षक मंजूर, प्रत्यक्षात मी एकटाच. कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा वरून फर्मान आलं, शाळा बंद पण शिक्षण सुरू. आता पोरांच्या घरी स्मार्टफोन नाही. असला तर रेंज नाही. रेंज असली तर फोन बापाच्या खिशात आणि बाप ऊसतोडीला. म्हणून मी भोंग्यावर शाळा सुरू केली. फोनवर धडा रेकॉर्ड करायचा, पेन ड्राइव्हमध्ये भरायचा आणि तांड्याचे नाईक भावसिंग यांनी रोज सकाळी नऊला मंदिरात जाऊन बटण दाबायचं. पोरं आपापल्या दारात पाटी घेऊन बसायची. मी तिथे असो वा नसो, माझा आवाज नऊ वाजता तांड्यात हजर. पेपरात माझा फोटोही आला होता. तो मी शाळेच्या कपाटावर चिकटवला, खोटं कशाला बोलू.

धड्याच्या आधी सूचना असायच्या आणि सगळा घोळ तिथेच होता. सूचना यायच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. हात धुवा. मास्क लावा. मास्क असा नको, तसा लावा. शाळा सोमवारी उघडणार. शाळा उघडणार नाही. दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी. नाही, आता दीड महिन्याने. मी प्रत्येक वेळी तितक्याच खणखणीत आवाजात ते सांगायचो, जणू काही माझ्याच डोक्यातून निघालं आहे. सूचना वाचली की ग्रुपवर आलेल्या लिंकमध्ये भरायचं, 'संदेश प्रसारित केला का? होय / नाही.' आम्ही सगळे होय भरायचो. नाही भरणाऱ्याला नोटीस यायची.

तांड्यातले लोक मला रस्त्यात अडवायचे. "गुरुजी, परवा तुमी येगळंच सांगत व्हते." "गुरुजी, दारूचं दुकान उघडं हाय, परचाराला गर्दी चालते, मंग कोरोना काय फकस्त शाळेत येऊन बसते का?" वरचे उंटावरून शेळ्या हाकणार आणि शिव्या खाणार तो खाली काठी घेऊन उभा असलेला. चिडचिड व्हायची माझी. कधी वाटायचं, भोंग्यावरूनच सांगून टाकावं की बाबांनो, मलाही काही कळत नाही. पण ते सांगायला आवाज कसा वापरायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

लशीला तर कुणी तयारच होईना. पहिल्यांदा हात पुढे केला तो अनुसयाबाईंनी. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, आवाज माझ्यापेक्षा मोठा. तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात, तर सगळी शाळा त्यांना याडी म्हणायची, नातीपासून माझ्यापर्यंत. बावीस एप्रिलला शाळेच्या व्हरांड्यात लसीकरण होतं. बायका लांब लिंबाखाली उभ्या राहून बघत होत्या. याडी पदर खोचून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी म्हणतेत तं घेते. गुरुजी काय माह्या वाईटावर हायेत का?" मला तेव्हा फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. ते लशीचं असेल असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. त्या दिवसाची सूचनाही तीच होती आणि मी ती वाचलीही होती, 'लस घेतल्यावर ताप येणे सामान्य आहे. घाबरून दवाखान्यात गर्दी करू नये. घरीच आराम करावा.'

त्या आठवड्यात माझी ड्यूटी जिल्ह्याच्या सीमेवर होती, रिसोडच्या रस्त्याला. मास्तरांना खडू सोडून सगळी कामं, हे तर आता कुणाला नवं नाही. पत्र्याच्या शेडखाली बसून गाड्या अडवायच्या आणि पास बघायचे. माझ्याबरोबर हरिचंद नावाचे दुसऱ्या शाळेचे शिक्षक होते. ते दिवसभर "गाडी बाजूला घे, गाडी बाजूला घे" ओरडत असायचे. पंचवीस तारखेला, रविवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर नवी सूचना आली. 'लस घेतल्यानंतर दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिल्यास अथवा दम लागल्यास घरी थांबू नये. तातडीने तपासणी करून घ्यावी.' मी ती वाचली. दोनदा वाचली. आवाज रेकॉर्ड करून भावसिंगच्या फोनवर पाठवला असता तर त्यांनी नऊला तोच लावला असता. दोन मिनिटांचं काम. पण मी चिडलेला होतो. शुक्रवारी म्हणे घरीच राहा, रविवारी म्हणे घरी राहू नका, उद्या तिसरंच काही निघेल. मरू दे, म्हटलं. लिंक उघडली, 'होय' भरलं आणि चहा प्यायला गेलो.

सोमवारी वेगळी सूचना आली नाही. मंगळवारीही नाही. त्या रविवारच्या सूचनेत नंतर कधीच बदल झाला नाही. दीड वर्षात बदलली नाही अशी ती एकच सूचना, आणि तीच मी वाचली नाही. तांड्यात रोज नऊला शुक्रवारचीच रेकॉर्ड वाजत राहिली.

याडीला कोरोनाच झाला होता. लस नावाला निमित्त झाली. त्यांचा मुलगा प्रेमदास आणि सून दोघंही त्या दिवसांत हळद शिजवायच्या कामावर होते, पहाटे जायचे ते दिवस मावळता यायचे. कुकरच्या आणि पॉलिशच्या ड्रमच्या आवाजात तिथे बाजूचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही, मग भोंगा कुठला ऐकू येणार. घरी याडी आणि त्यांची नात पुजा, नऊ वर्षांची, माझ्या तिसरीच्या वर्गातली. ती दारात पाटी घेऊन भोंगा ऐकायची आणि संध्याकाळी बापाला सांगायची, "गुरुजी म्हणतेत ताप येतेच. घरीच पडू द्या." बुधवारी दुपारी याडीला श्वास घेता येईना. जीपमध्ये घातलं. हिंगोली यायच्या आधीच त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी कुणी तरी भोंग्याला दगड मारला. वायर तोडून टाकली. लशीनेच बाई मेली असं तांड्याने ठरवलं आणि आरोग्य खात्याची आशाताई दिपा रजिस्टर घेऊन आली तर तिला वेशीवरूनच परत पाठवलं. माझ्याशी कुणी भांडलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. ग्रुपवरून विचारणा झाली की सदर महिलेच्या गावात सूचना दिली होती का, तर लिंकवर 'होय' होतंच. माझा कागद स्वच्छ होता.

सहा-सात महिने भोंगा मुका होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आदेश आला की एक डिसेंबरपासून पहिली ते चौथीची शाळा उघडणार. वर्गात अंतर, दारात साबण, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र. मी भावसिंगला गळ घातली. ते म्हातारे, समजूतदार. त्यांनी वायर जोडून घेतली. मी नवी सूचना रेकॉर्ड केली आणि दुसऱ्या दिवशी नऊला शाळेच्या ओट्यावर चुन्याने गोल आखत बसलो. भोंगा खरखरला. पोचा पडल्यामुळे आवाज जरा चपटा येत होता, पण होता माझाच. शाळा उघडणार, मास्क आणा, संमतीपत्र भरा. संपलं. मी पुढचा गोल आखायला घेतला.

आणि भोंगा परत बोलू लागला.

"आज रविवार, दिनांक पंचवीस एप्रिल. तांड्यातील सर्व ग्रामस्थांना सूचना. लस घेतल्यानंतर दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिल्यास..."

माझा आवाज. माझं ते वाक्याच्या शेवटी थोडं खाली येणं, मधला खोकला, सगळं माझं. मागे ट्रकचा हॉर्न वाजला आणि लांबून हरिचंद ओरडले, "गाडी बाजूला घे." मग "घरी थांबू नये" आणि शांत.

माझ्या हातातला चुन्याचा डबा सांडला. ही रेकॉर्ड मी केलीच नव्हती. करायला हवी होती त्या जागी, त्या वेळी, त्या उन्हात मी केली असती तर ती अशीच झाली असती. पण केली नव्हती!

मंदिरात जाऊन पेन ड्राइव्ह काढला. शाळेत आणून लॅपटॉपला लावला. एकच फाइल, एक मिनिट चाळीस सेकंद, माझी नवी सूचना. दुसरं काही नाही. परत मंदिरात गेलो तर भावसिंग पायरीवर बसून पान लावत होते.

"नाईक, नवी सूचना संपल्यावर काय वाजलं?"

"ती तवाची जुनी रेकॉर्ड. तापाची." त्यांनी मान हलवली. "गुरुजी, तुमी तं सांगितलं व्हतं की. आमीच काहून ध्यान दिलं न्हाई?"

"तुम्हाला आठवतं? तेव्हा ऐकल्याचं?"

त्यांनी चुना बोटावर घेतला आणि विचार केला. "तवाच्याला आठवत नव्हतं. आता ऐकलं अन् आठवलं."

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत तेच. आज सोमवार असो की गुरुवार, भोंग्याला रविवार आणि पंचवीस एप्रिल. मी भावसिंगला म्हटलं, भोंगा बंद ठेवा. ते रागावलेच. "पयले उलटंसुलटं सांगत व्हते तवा आमी म्हणलं बंद करा, तुमी केलं न्हाई. आता बराबर सांगून राहिले तं बंद करा म्हणता?" मी रिकामा पेन ड्राइव्ह आणून लावला. नऊला बटण दाबलं. क्षणभर खरखर झाली, मग ट्रकचा हॉर्न, मग मी.

तीन-चार दिवसांत तांडा बदलला. बायका रस्त्यात थांबून "राम राम गुरुजी" म्हणू लागल्या. एकीने मला चहाला बोलावलं आणि पदराने डोळे पुसले, "आमी तुमाला लई बोल लावले. तुमी तं घसा कोरडा करून सांगत व्हते." ज्याला त्याला आता आठवत होतं. कुणाला पंचवीस एप्रिलला शेळ्या सोडताना ऐकल्याचं आठवत होतं, कुणाला भाकरी थापताना. एकाला तर हरिचंदचं "गाडी बाजूला घे" आठवत होतं. आशाताई दिपा धावत शाळेत आली. "गुरुजी, काय जादू केली हो? काल अठ्ठावीस जणांनी लस घेतली. म्हणतेत, बाई लशीनं न्हाई गेली, उशिरानं गेली. गुरुजी सांगत व्हते अन् घरचे बसून राहिले." ती इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना.

मला भीती वाटत होती, पण खरं सांगतो, तिच्या जोडीला दुसरंही काही होतं. बरं वाटत होतं. भूत लागलं तर ते माणसाला छळतं असं आपण ऐकलेलं असतं. हे माझ्या बाजूने साक्ष देत होतं. रोज नऊला माझी चूक थोडी थोडी पुसत होतं. लोक लस घेत आहेत, माझं नाव निघालं आहे, कुणाचं वाईट होतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प राहायचं ठरवलं.

कुणाचं वाईट होतंय ते संमतीपत्रं गोळा करताना कळलं. सव्वीस पोरांची पंचवीस पत्रं आली. पुजाचं नव्हतं. आता ती चौथीत होती. मी तिच्या घरी गेलो तेव्हा नऊला पाच कमी होते. पुजा दारात बसली होती. पाटी नव्हती, दप्तर नव्हतं, नुसती भोंग्याकडे तोंड करून बसलेली. प्रेमदास अंगणात फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. संमतीपत्र त्याच्या पुढ्यात तसंच कोरं पडलं होतं, त्यावर पाना ठेवलेला.

"प्रेमदासभाऊ, सही राहिली."

"इथं लिवलंय, पाल्याच्या आरोग्याची जबाबदारी माझी राहील." त्याने वर बघितलं नाही. "सगळी जबाबदारी आमचीच. लस घ्या तं तुमची जबाबदारी, शाळेत धाडा तं तुमची जबाबदारी. सरकारची कायची हाय?"

"ते कागदापुरतं असतं."

"कागदाचं सोडा गुरुजी. ही पोरगी शाळेत जाऊन काय करन? हिला ऐकलेलं सांगता येत न्हाई."

मी पुजाकडे बघितलं. ती हलली नाही.

"तीन दिस भोंगा बोंबलत व्हता, दम लागला तं घरी थांबू नका. समदा तांडा सांगून राहिला, आमी ऐकलं म्हणून. ही दारात बसून व्हती. अन् मला संध्याकाळी काय सांगे? घरीच पडू द्या." त्याने कागदावरचा पाना उचलला. "लेकरू हाय, मला समजते. मी एक बोट लावलं न्हाई तिला. पर तिच्याकडं बघितलं की माही आई दिसते जीपमधली. जेवण बी एका ताटात व्हत न्हाई आमचं."

"काय म्हणते ती?"

"काय म्हणन? पयले लई रडली. मी बराबरच ऐकलं म्हणे, गुरुजी तसंच म्हणत व्हते म्हणे. मंग भोंगाच वाजला. आता बोलतच न्हाई."

नऊ वाजले. भोंगा खरखरला.

पुजाचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ. आज रविवार, दिनांक पंचवीस एप्रिल. भोंग्याच्या बरोबर नव्हे, त्याच्या किंचित आधी. मी खोकायच्या आधी तिने मान खाली घेऊन खोकल्यासारखं केलं. हरिचंद ओरडायच्या आधी तिचे ओठ "गाडी" म्हणून गेले. प्रेमदासने दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते आणि डोळे मिटले होते. "घरी थांबू नये" झालं आणि पुजाने तोंड मिटलं. तिची नजर माझ्यावर होती. त्या नजरेत राग नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीला, आपल्याला जे ऐकू आलं ते खरं की खोटं, हे कळेनासं झालं होतं, आणि ते मी केलं होतं. मी तिथून निघालो.

सांगायला हवं, हे तिथेच ठरलं. पण मी तिथेच सांगितलं नाही. तोंडासमोर सांगण्यापेक्षा भोंग्यातून सांगणं सोपं असतं, हे मला दीड वर्षात कळलं होतं. शिवाय सगळ्या तांड्याने ऐकायला हवं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी, तीस नोव्हेंबरला, मी भावसिंगकडून किल्ली घेतली, पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि मंदिरातला माईक हातात घेतला. महाराजांच्या मूर्तीसमोर अगरबत्ती जळत होती. भावसिंग दारात हात जोडून उभे राहिले.

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "मी प्रेमानंद खिल्लारे बोलतोय. पंचवीस एप्रिलची सूचना मी तुम्हाला कधीच वाचून दाखवली नाही."

वर छपरावर भोंगा म्हणाला, "आज रविवार, दिनांक पंचवीस एप्रिल."

मी थांबलो. भोंगाही थांबला. मी माईक तोंडाला अगदी चिकटवला. "सूचना आली होती. मी वाचली आणि चिडून सोडून दिली. कागदावर खोटं भरलं."

"लस घेतल्यानंतर दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिल्यास अथवा दम लागल्यास," भोंगा म्हणाला. माझाच आवाज, माझ्याच श्वासाने.

"पुजाने जे ऐकलं ते खरं होतं!" मी आता ओरडत होतो. "पोरीची काही चूक नाही! चूक माझी आहे! माझी!"

"घरी थांबू नये," भोंगा शांतपणे म्हणाला. "तातडीने तपासणी करून घ्यावी. धन्यवाद."

बाहेर तांडा नेहमीसारखा होता. कुणी तरी गाईला पाणी पाजत होतं. एक बाई अंगण झाडत होती, ती थांबलीसुद्धा नाही. मी भावसिंगकडे वळलो. ते माझ्यापासून चार हातांवर उभे होते. मी ओरडलो ते त्यांनी कानाने ऐकलं असणार, भोंगा राहू द्या.

"नाईक, ऐकलं ना तुम्ही? मी काय बोललो?"

"ऐकलं की." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दर बारीला तेच सांगता, पर आज लई जीव लावून सांगितलं, गुरुजी."

मी माईक खाली ठेवला. माझा आवाज माझा राहिला नव्हता. त्याला सवय लागली होती, वरून आलेलं वाचायची, आणि आता मी मध्ये काही बोललो तर तो ऐकणार नव्हता. वायरीला हात लावायची माझी छाती झाली नाही. राहिलं माझं तोंड. त्याचा भरवसा वाटत नव्हता, पण दुसरं काही हातात नव्हतं.

प्रेमदासच्या घरी गेलो तेव्हा तो जेवायला बसला होता. पुजा पलीकडे, चुलीच्या बाजूला, वेगळं ताट घेऊन. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो. तोंड उघडायच्या आधी मी खरोखर घाबरलो होतो. तोंड उघडलं आणि तिथूनही रविवार, दिनांक पंचवीस एप्रिल निघालं तर? म्हणून मी खणखणीत बोललो नाही. भाषण केलं नाही. मी इतक्या हळू बोललो की प्रेमदासला हात ताटातच ठेवून पुढे झुकावं लागलं.

"प्रेमदासभाऊ, ती तापाची सूचना मी तेव्हा दिलीच नव्हती. विसरलो नव्हतो. मुद्दाम सांगितलं नाही. कंटाळा आला होता मला. रविवारी सकाळी सूचना आली आणि मी चहा प्यायला गेलो. भोंग्यावर जे वाजत होतं ते जुनंच होतं, घरीच राहा म्हणणारं. पुजाने तुम्हाला तेच सांगितलं."

प्रेमदास म्हणाला, "अन् हे जे रोज वाजून राहिलं?"

"ते काय आहे मला माहीत नाही. ते मी बोललेलो नाही, एवढं माहीत आहे."

"समद्यांनी ऐकलं म्हणतेत."

"सगळे नंतर ऐकायला लागले. तेव्हा ऐकणारी एकटीच होती."

त्याने हळूहळू हात धुतला. रविवार, सोमवार, मंगळवार, अशी त्याने एकेक बोटं दुमडली आणि बुधवारपाशी थांबला. मला वाटलं आता तो उठून मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो उठला आणि चुलीजवळ गेला. पुजाचं ताट उचलून आणून त्याने आपल्या ताटाशेजारी ठेवलं. पोरगी तिथेच बसून राहिली. मग त्याने कागद घेतला, सही केली आणि माझ्यापुढे धरला.

"पोरगी उद्या येईन शाळेत," तो म्हणाला. "तुमी माह्या घरी पुन्हा येऊ नका. मी आता राग तुमच्यावर धरीन, गुरुजी. मरेपर्यंत धरीन. लेकरावरचा सहन व्हत नव्हता."

मी कागद घेतला. मान हलवली. अंगणातून मी रस्त्याला लागलो तर मागे पावलं वाजली. पुजा धावत आली होती, तोंडाला अजून भाकरीचे कण होते. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि कित्येक दिवसांत न वापरलेल्या घोगऱ्या आवाजात तिने विचारलं,

"गुरुजी, मंग मी बराबर ऐकलं व्हतं?"

"हो," मी म्हणालो. "तू बरोबर ऐकलं होतंस."